अमेरिकेतल्या छोट्या हेल्थ सेंटरने आयटीसाठी नेटवर्कमध्ये जावं का? अनुभव हवेत

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

हेल्थ आयटीत किंवा इथल्या दवाखान्यांमध्ये काम करणारे बरेच आयडी इथे आहेत म्हणून विचारतेय, जरा मोठं होईल.

मी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात, सफरचंद आणि चेरीच्या बागांच्या पट्ट्यात एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये डेटा आणि रिपोर्टिंग बघते. आधी बँकेच्या आयटीत होते. ज्यांचा या सेंटर्सशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हे सरकारी दवाखाने नव्हेत, बहुतेक ना-नफा संस्था असतात. १९६५ ला बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत सुरुवात झाली, मग मिसिसिपीत माउंड बायूला, आणि आता देशभर साधारण १,४०० संस्था नि ३ कोटींच्या वर पेशंट आहेत. पब्लिक हेल्थ सर्व्हिस कायद्याच्या सेक्शन ३३० खाली फेडरल ग्रँट मिळते, पण अट अशी की बोर्डावर निम्म्याहून जास्त माणसं त्याच सेंटरची पेशंट हवीत. पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, फी उत्पन्नाप्रमाणे उतरत जाते. आमचे बरेच पेशंट बागेत काम करणारे, स्पॅनिश बोलणारे, काही घरी मिश्तेको (मेक्सिकोतली एक मूळ भाषा) बोलणारे, आणि हंगाम संपला की कॅलिफोर्नियाला जाणारे.

आता मुद्दा. आमची तीन क्लिनिक्स, एक डेंटल, एक फिरती व्हॅन आणि आयटीला दोन माणसं. ईएचआर (पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) जुना आहे, व्हेंडरचा करार संपत आलाय. हॉस्पिटलमधून डिस्चार्जचे कागद अजून फॅक्सने येतात, ते स्कॅन करून पेशंटच्या फाइलला जोडतात, म्हणजे त्यातलं काही शोधता येत नाही. दरवर्षी १५ फेब्रुवारीला हर्साला (ही ग्रँट देणारी फेडरल एजन्सी) यूडीएसचा, म्हणजे सेंटरच्या वर्षभराच्या आकड्यांचा, रिपोर्ट जातो, त्याच्या आधीचे सहा आठवडे आमच्या ऑफिसात कुणी धड जेवत नाही कारण निम्मे आकडे एक्सेलमध्ये हाताने जुळवावे लागतात.

आमच्या सीईओचं म्हणणं की हेल्थ सेंटर कंट्रोल्ड नेटवर्क म्हणजे एचसीसीएनमध्ये (सेंटर्सनी मिळून चालवलेलं आयटीचं नेटवर्क) जावं, त्यांचाच ईएचआर घ्यावा, सगळं त्यांनी होस्ट करावं. आमचे डॉक्टर विरोधात, त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःचे टेम्प्लेट्स (नोट्सचे तयार साचे) बनवलेत, ते जातील म्हणतात. फायनान्सवाल्यांना दर प्रोव्हायडरमागची (पेशंट तपासणाऱ्या डॉक्टर वगैरेंमागची) फी डोळ्यात खुपतेय. बोर्डावर एक बाई आहेत, स्वतः पॅकिंग शेडमध्ये काम करतात, त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं की माझी माहिती दुसऱ्या गावच्या दवाखान्याला दिसणार का, आणि तिथे कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही.

मला रिपोर्ट करायचाय बोर्डासाठी. यात मिळतं काय, सोडावं काय लागतं, करार करताना काय बघायचं, ज्यांनी आतून बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रेवदंडा

पाऊलवाट ताई, छान धागा. मी अशाच एका नेटवर्कमध्ये इम्प्लिमेंटेशनला बरीच वर्षं होतो, आता बाहेर आहे त्यामुळे मोकळेपणी लिहितो.

आधी हे नेटवर्क आले कुठून ते बघा कारण त्यातच तुमच्या डॉक्टरांना द्यायचं उत्तर आहे. नव्वदच्या दशकात या सेंटर्सना ईएचआर परवडायचा विषयच नव्हता, व्हेंडर मोठ्या हॉस्पिटलांच्या मागे, दहा डॉक्टरांच्या सेंटरला कोण विचारतो. मग शेजारशेजारची सेंटर्स एकत्र यायला लागली. मायामीत हेल्थ चॉइस नेटवर्क १९९४ चं. शिकागोत १९९७ ला चार सेंटर्सनी मिळून अलायन्स ऑफ शिकागो काढलं. ओरेगनमध्ये २००० साली ओचिन सुरू झालं, त्यांनी एपिक हा मोठ्या हॉस्पिटलांचा ईएचआर घेतला आणि एकच सिस्टिम सगळ्या मेंबर सेंटर्सना वापरायला दिली, आता ते ओरेगनच्या कितीतरी पलीकडे गेलंय. ज्या सेंटरला एकट्याने एपिकच्या दारात उभं राहता आलं नसतं त्याला ते मिळालं, हे मला अजूनही फार मोठं काम वाटतं.

२००९ मध्ये ईएचआरला प्रोत्साहन देणारा हायटेक कायदा आला आणि पैसा आला, मेडिकेडच्या (गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या) बाजूने एका पात्र प्रोव्हायडरला सहा वर्षांत ६३,७५० डॉलरपर्यंत मिळत होते. कॉमनवेल्थ फंडाच्या सर्वेत २००९ ला ४० टक्के सेंटर्सकडे ईएचआर होता, २०१३ ला ९३ टक्के. चार वर्षांत एवढी उडी, आणि गावातल्या सेंटरला ती मारता आली ती बऱ्याच ठिकाणी नेटवर्कचा हात धरून, कारण पैसा आला तरी सर्व्हर बसवणारी, नर्सला शिकवणारी, लॅबचं इंटरफेस (दोन सिस्टिम जोडणारा दुवा) लिहिणारी माणसं गावात मिळत नाहीत.

कायद्याने असं आहे की नेटवर्कवर बहुमताचा ताबा हेल्थ सेंटर्सचाच हवा. हर्साची ग्रँट तीन तीन वर्षांची असते, किमान १० सेंटर्स लागतात, देशात अशी पन्नासच्या आसपास नेटवर्क आहेत. आपल्याकडच्या दूध संघासारखं समजा, गायी ज्याच्या त्याच्या गोठ्यात, चिलिंग प्लांट सगळ्यांचा, आणि संचालक मंडळावर गायीवालेच.

आता काय मिळतं. लोक म्हणतात स्वस्त पडतं, ते काही अंशी खरं, पण माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. उदाहरण देतो. ब्लड प्रेशर कंट्रोलचा आकडा यूडीएसमध्ये जातो, १८ ते ८५ वयाचे हायपरटेन्शनचे पेशंट, शेवटचं रीडिंग १४०/९० च्या खाली हवं. सोपं वाटतं ना? आमच्याकडे एका सेंटरचा आकडा शेजारच्यापेक्षा खूपच वाईट यायचा, डॉक्टर चांगले, पेशंट तसेच. जाऊन बसलो त्यांच्या क्लिनिकमध्ये तेव्हा दिसलं की मेडिकल असिस्टंट पहिलं रीडिंग घेतात, पेशंट नुकताच धावत आलेला, १५२. मग डॉक्टर दहा मिनिटांनी स्वतः परत घेतात, १३४ येतं, आणि ते नोटमध्ये वाक्यात लिहितात. या मोजमापाला एकाच दिवशी अनेक रीडिंग असतील तर सगळ्यात कमीचं चालतं, पण ते व्हायटल्सच्या रकान्यात पाहिजे ना, वाक्यात लिहिलेलं कॉम्प्युटर कुठून मोजणार. शेजारच्या सेंटरने दुसऱ्या रीडिंगसाठी स्क्रीनवर वेगळी जागा करून घेतली होती. महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यांच्या नर्सने यांच्या नर्सला ती दाखवली, आणि पुढच्या तिमाहीपासून आकडा बदलला. व्हेंडरच्या हेल्पडेस्कला फोन करून हे कधीच कळलं नसतं, व्हेंडरला कुठे माहीत तुमचा पेशंट धावत येतो ते.

डायबेटिसचं तर याहून अवघड. एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) ९ च्या वर असलेले मोजायचे, आणि ज्यांची वर्षभरात टेस्टच सापडत नाही तेही वाईटातच धरायचे. म्हणजे बाहेरच्या लॅबचा रिझल्ट फॅक्सने येऊन पीडीएफ म्हणून पडून राहिला असेल तर पेशंट ६.८ असूनसुद्धा कागदोपत्री कंट्रोलबाहेर. तुमच्या एक्सेलमध्ये जे सहा आठवडे जातात त्यातले बरेच यातच जात असणार. नेटवर्क ते लॅबचं इंटरफेस एकदा बांधतं आणि सगळ्यांना मिळतं.

सोडावं काय लागतं तेही सांगतो. मनाला येईल तेव्हा टेम्प्लेट बदलणं बंद होतं. बदल कमिटीकडे जातो, कमिटी महिन्यातून एकदा बसते, कधी कधी तुमची मागणी नाकारली जाते. डॉक्टरांची भीती खोटी नाहीये, ती त्यांना आधीच सांगा.

विनाकारण

एक विचारू का, गावातलं हॉस्पिटल एपिकवर असेल तर त्यांच्याकडूनच का घेऊ नये? कम्युनिटी कनेक्ट म्हणून प्रकार असतो, हॉस्पिटल स्वतःचं एपिक आजूबाजूच्या क्लिनिक्सना वापरायला देतं. डिस्चार्जच्या फॅक्सचा प्रश्नच मिटेल, पेशंट तिथेच तर ॲडमिट होतो. आमच्या काउंटीत दोन क्लिनिक्सनी असंच केलंय आणि खूश आहेत.

रेवदंडा

विनाकारण, हा पर्याय नक्की बघावा, काही ठिकाणी तोच बरोबर असतो, विशेषतः एकच हॉस्पिटल आणि एकच सेंटर असेल तर. पण हॉस्पिटलच्या आयटीच्या यादीत तुमचं काम कितव्या नंबरवर येईल याचा विचार करा. हेल्थ सेंटरला लागणाऱ्या काही गोष्टी हॉस्पिटलला लागतच नाहीत. उत्पन्नाचा पुरावा घेऊन फी किती टक्के उतरवायची ते, पेशंट हंगामी शेतमजूर आहे का स्थलांतरित, बेघर आहे का, डेंटलचा चार्ट, आणि यूडीएसचे सगळे तक्ते. यूडीएसचा नियम बदलला की नेटवर्कमधल्या प्रत्येक मेंबरला तो एकदमच लागतो म्हणून काम लगेच होतं. हॉस्पिटलमध्ये तो बदल मागणारे तुम्ही एकटे. आणि तिथे कमिटीत तुम्हाला मत नसतं, तुम्ही गिऱ्हाईक असता.

डिस्चार्जसाठी म्हणाल तर एपिक-एपिकमध्ये केअर एव्हरीव्हेअर या एपिकच्याच सोयीने कागद येतात, आणि दुसरा ईएचआर असला तरी राज्याच्या किंवा देशपातळीच्या माहिती देवाणघेवाणीच्या एक्सचेंजमधून आणता येतात. २०१६ च्या क्युअर्स कायद्यानंतर माहिती अडवून ठेवणं हा गुन्हा नसला तरी नियमाचा भंग आहे, त्यामुळे हॉस्पिटलला नाही म्हणणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

सातपुडा

मी शिकागोकडे फॅमिली मेडिसिन करते, हेल्थ सेंटरमध्येच. डॉक्टरांच्या बाजूने लिहिते.

आमच्याकडे नेटवर्कचा ईएचआर आला तेव्हा मीही चिडले होते. माझे गरोदर बायकांच्या व्हिजिटचे शॉर्टकट गेले, पहिले काही महिने घरी जाऊन रात्री नोट्स पूर्ण करायचे. ते दिवस खरंच वाईट असतात आणि त्या काळात पेशंटची संख्या मुद्दाम कमी ठेवावी लागते, पाऊलवाट तुमच्या बोर्डाला हे उत्पन्नाच्या आकड्यात दाखवा, नंतर धक्का बसायला नको.

पण क्लिनिकल कमिटीत बसायला लागले तसं चित्र बदललं. आमच्यासारख्याच पेशंटांना बघणारे बाकीच्या सेंटर्सचे डॉक्टर समोर असतात. एखादी सूचना स्क्रीनवर सारखी उडी मारत असेल, आणि सगळेच न वाचता बंद करत असतील, तर किती वेळा बंद होते ते मोजून ती काढून टाकायचा ठराव होतो. एकट्या सेंटरमध्ये मी फक्त कुरकुर केली असती. त्यामुळे माझा सल्ला, तुमचे सगळ्यात जास्त विरोध करणारे डॉक्टर जे आहेत त्यांनाच कमिटीवर पाठवा. त्यांना स्क्रीनमधलं सगळ्यात जास्त कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रपेअर. हेल्थ सेंटर्सची नॅशनल असोसिएशन, आशियाई-पॅसिफिक सेंटर्सची संघटना आणि ओरेगनची असोसिएशन यांनी मिळून तयार केलेली प्रश्नावली आहे, घर आहे का, खायला पुरेसं आहे का, गाडी आहे का, घरात सुरक्षित वाटतं का असे प्रश्न. हे प्रश्न आम्ही आधीही विचारायचो पण प्रत्येकीची पद्धत वेगळी, कागद ड्रॉवरमध्ये. सगळ्यांनी एकच प्रश्न एकाच प्रकारे ईएचआरमध्ये विचारायला लागल्यावर कुठल्या वस्तीत लोक अपॉइंटमेंटला का येत नाहीत ते दिसायला लागलं, बसच नाही. मग मेडिकेड प्लॅनकडे गाडीच्या पैशांसाठी भांडताना हातात काहीतरी असतं. मात्र एक, विचारलंत आणि पुढे मदत काहीच नाही असं करू नका, पेशंट पुढच्या वेळी खरं सांगत नाही.

आता पॅकिंग शेडमधल्या त्या बाईंचा प्रश्न, तो मला या पूर्ण धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उत्तर नेटवर्कप्रमाणे बदलतं. एकच सामायिक रेकॉर्ड असेल तर हो, दुसऱ्या मेंबर सेंटरला पेशंट गेली तर तिथल्या डॉक्टरला औषधं, ॲलर्जी, लसी, निदानं दिसतात. तुमची पेशंट चेरीचा हंगाम संपवून दुसरीकडे गेली आणि तिथलं सेंटर त्याच नेटवर्कमध्ये असलं तर तिची इन्सुलिनची मात्रा तिथे दिसेल, लहान मुलाला तीच लस परत टोचणार नाहीत, याचा फायदा शेतमजुरांना जितका तितका कुणालाच नाही. पण त्याच बाईंची बहीण तिकडच्या सेंटरमध्ये रिसेप्शनला असेल तर? म्हणून विचारा की कोण काय उघडू शकतं, उघडल्याची नोंद राहते का, ती नोंद कोण तपासतं, संवेदनशील नोट्सना वेगळं कुलूप आहे का. व्यसनमुक्तीच्या उपचारांच्या नोंदींना तर ४२ सीएफआर पार्ट २ चे वेगळे नियम आहेत, हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयता कायद्याच्या वरचे. इमिग्रेशन स्टेटस आम्ही विचारत नाही आणि कुठेही लिहित नाही, नर्सच्या मोकळ्या नोटमध्येसुद्धा नाही. नेटवर्कमध्ये जायच्या आधी हे तुमच्या सगळ्या स्टाफला परत शिकवा. लिहिलेलंच नसेल तर कुणाला दिसायचा प्रश्न येत नाही.

आणि हे उत्तर त्या बाईंना स्पॅनिशमध्ये, समोर बसून द्या. फॉर्मवर सही घेणं वेगळं.

पाऊलवाट

सातपुडा डॉक्टर, रेवदंडा दादा, खूप खूप आभार, हे मी अक्षरशः प्रिंट काढून ठेवलंय. ब्लड प्रेशरचं वाचून आज आमच्या नोट्स चाळल्या, "रिपीट बीपी" असं शोधलं तर धडाधड नोट्स आल्या, सगळ्या वाक्यात लिहिलेल्या.

अजून दोन गोष्टी. एक, डुप्लिकेट पेशंट. आमच्याकडे मारिया गार्सिया किती आहेत विचारू नका, नेटवर्कमध्ये गेल्यावर तर देशभरातल्या मारिया गार्सिया एकत्र येणार. दुसरं पैसे आणि बाहेर पडायची वाट, आमचे फायनान्सवाले त्यावरच अडलेत.

रेवदंडा

डुप्लिकेटचं काम गो-लाइव्हच्या (नवी सिस्टिम सुरू व्हायच्या) आधी करा, नंतर दहापट त्रास. स्पॅनिश नावांत आईचं आणि वडिलांचं अशी दोन आडनावं असतात, एक क्लार्क दोन्ही लिहितो, दुसरा एकच, तिसरा मध्ये डॅश टाकतो. निर्वासित पेशंट असतील तर कागदोपत्री जन्मतारीख १ जानेवारी असलेले ढिगाने निघतात, कारण खरी तारीख माहीत नसली की तीच लावली जाते. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून दोन रेकॉर्ड एकत्र करणं फार धोक्याचं, एकीची पेनिसिलीनची ॲलर्जी दुसरीच्या नावावर जाते किंवा गायब होते. फोन, पत्ता, आईचं नाव, असं तिसरं चौथं काहीतरी पाहिजेच. आणि जोडलेले रेकॉर्ड परत सोडवता येतात का ते नेटवर्कला आत्ताच विचारा. आमच्याकडे यासाठी दोन बायका होत्या, दोघी स्पॅनिश बोलणाऱ्या, शंका आली की सरळ पेशंटला फोन करायच्या. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा त्यांच्यावर माझा जास्त विश्वास होता.

जमाखर्च

पैशांचं मी लिहितो, टेक्ससमध्ये एका सेंटरच्या फायनान्सला आहे.

सगळ्यात आधी हे सुटं करा की ग्रँट वेगळी आणि ईएचआरची फी वेगळी. हर्साची एचसीसीएन ग्रँट नेटवर्कला मिळते, तुम्हाला नाही. त्या पैशांतून ट्रेनिंग, डेटा सुधारणं, सिक्युरिटीचा रिव्ह्यू, यूडीएस प्लसची तयारी अशी मदत मेंबर सेंटरला मिळते, आणि एका वेळी एकाच नेटवर्कच्या ग्रँटमध्ये नाव देता येतं. नेटवर्कचा ईएचआर घेणं ही त्यानंतरची, वेगळी खरेदी. बरीच सेंटर्स स्वतःचाच ईएचआर ठेवतात आणि नेटवर्ककडून फक्त डेटा वेअरहाउस (सगळा डेटा एकत्र साठवून रिपोर्ट काढायची जागा) आणि माणसांची मदत घेतात. हा मधला मार्ग तुमच्या सीईओंनी मांडलाय का? मला तुमच्या पोस्टवरून वाटतंय की दोन्ही एकत्रच धरलंय.

यूडीएस प्लस म्हणजे पुढे एकत्रित तक्त्यांच्या जोडीला पेशंटच्या पातळीवरचा डेटा, ओळख काढून, फायर नावाच्या स्टँडर्डमधून हर्साला जायचा. एक्सेलमध्ये हाताने जुळवलेले आकडे तिथे चालणार नाहीत. दोन माणसांच्या आयटीने हे एकट्याने करायचं म्हणजे कठीण आहे, माझ्या मते फीच्या रकान्यासमोर हा खर्च लिहिला की चर्चेची दिशा बदलते.

मेडिकेडकडून आपल्याला दर व्हिजिटमागे ठरलेला रेट मिळतो, त्यामुळे गो-लाइव्हला व्हिजिट कमी झाल्या की थेट तेवढे पैसे कमी. सातपुडा यांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. आम्ही तेवढी रक्कम बाजूला काढूनच तारीख ठरवली. आणि तारीख जानेवारी-फेब्रुवारीत अजिबात घेऊ नका, तुमच्याकडे तर चेरीच्या हंगामातही नको.

सगळं एका ठिकाणी ठेवण्याचा धोकाही बोर्डाला सांगा. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, एका कंपनीचं विम्याचे क्लेम पुढे पाठवायचं काम बंद पडलं आणि देशभरातल्या दवाखान्यांचे पैसे अडकले. आपल्यासारख्या सेंटर्सकडे महिनोन्महिने पुरेल एवढी रोकड नसते. म्हणून नेटवर्कला विचारा, तुमची सिस्टिम बंद पडली तर आम्हाला आजच्या अपॉइंटमेंटची आणि औषधांची यादी कुठून मिळेल. चांगल्या नेटवर्ककडे याचं लगेच उत्तर असतं, दर काही तासांनी प्रत्येक क्लिनिकच्या एका लोकल कॉम्प्युटरवर वाचण्यापुरती कॉपी उतरते. दुसऱ्या बाजूने बघितलं तर चोवीस तास सिक्युरिटीवर नजर ठेवणारी माणसं आम्ही एकट्याने कधीच ठेवू शकलो नसतो, ती वीस सेंटर्सनी मिळून ठेवली.

बाहेर पडायची वाट करारात लिहून घ्या. डेटा कोणाचा, तर सेंटरचा, हे स्पष्ट वाक्यात. बाहेर पडताना तो कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत, किती पैशांत देणार. स्कॅन केलेले कागद त्यात येतात का. आणि नेटवर्कच्या बोर्डावर तुम्हाला खुर्ची मिळते का, का मोठ्या मेंबर्सनाच. फी वाढवायचा ठराव कोण करतं ते एकदा त्यांच्या बायलॉजमध्ये वाचा, ब्रोशरमध्ये ते नसतं. रिसर्चसाठी डेटा जातो का तेही. ओचिन, हेल्थ चॉइस नेटवर्क आणि बॉस्टनचं फेनवे हेल्थ ही मंडळी ॲडव्हान्स नावाच्या रिसर्च नेटवर्कमध्ये एकत्र आहेत आणि मला ते चांगलं वाटतं, गरीब पेशंट नाहीतर अभ्यासात दिसतच नाहीत, पण बोर्डावरच्या पेशंटांना ते माहीत असायला पाहिजे.

खाटा_तीस

मी महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. धागा पूर्ण वाचला. आमचं सगळं सरकारी, त्यामुळे तुलना सरळ लागत नाही, पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितोय.

आमच्याकडे सॉफ्टवेअरची कमी नाहीये. टीबीचं निक्षय वेगळं, गरोदर माता आणि बालकांचं आरसीएच पोर्टल वेगळं, बीपी-शुगरचं एनसीडी पोर्टल वेगळं, साथरोगांचं आयएचआयपी, वर परत एचएमआयएसचा मासिक रिपोर्ट. एकाच बाईचं नाव, वय, गाव आमची सिस्टर चार ठिकाणी भरते. २०२१ पासून आभा हा आरोग्य ओळख नंबर आला, १४ आकडी, त्याने पुढे हे जोडलं जाईल अशी आशा आहे आणि मी स्वतः पेशंटना तो काढून देतो. पण स्क्रीनवर कुठला रकाना असावा हे ठरवताना आमच्या सिस्टरला विचारणारी कमिटी नाही. तुमच्याकडे एका नर्सने दुसऱ्या नर्सला रीडिंगची जागा दाखवली, आणि त्या नर्सचं म्हणणं वरपर्यंत गेलं, हे वाचून बरं वाटलं. आम्हाला आमच्या पातळीवर यातलं काही करता येईल का?

रेवदंडा

डॉक्टर, पोर्टल तुमच्या हातात नाही पण व्याख्या आहेत. आम्ही सुरुवातीला सॉफ्टवेअर एक होण्याच्याही आधी हेच करायचो. आजूबाजूच्या तीन-चार रुग्णालयांच्या सिस्टर आणि डेटा एंट्रीवाल्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवा, एकच रकाना घ्या, म्हणजे बीपी, आणि प्रत्येकाने आपण तो नक्की कधी, कोण, कुठल्या रीडिंगने भरतो ते सांगायचं. पहिल्याच मीटिंगला चार वेगळी उत्तरं येतील. ती एक करून कागदावर लिहा, सगळ्यांच्या टेबलावर लावा. मग पोर्टलमध्ये जी अडचण उरेल ती चार रुग्णालयांच्या सहीने जिल्ह्याला पाठवा, एका सिस्टरची तक्रार आणि चार रुग्णालयांचं एकत्र पत्र यात फरक पडतो.

सातपुडा

खाटा_तीस, मीटिंगला वरिष्ठ अधिकारी पहिल्या दोन-तीन वेळा नसतील तर बरं. सिस्टर मोकळेपणी बोलतील.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. जमाखर्च दादा, तुमचं बरोबर निघालं, आमच्याकडे ग्रँटचं मेंबर होणं आणि ईएचआर घेणं एकच समजत होते. आज सीईओंशी बोलले. आधी मेंबर व्हायचं, डेटा वेअरहाउस घ्यायचं, डुप्लिकेट्स साफ करायचे आणि ईएचआरचा निर्णय त्यानंतर, असं बोर्डापुढे मांडणार आहोत. आमचे सगळ्यात जास्त विरोध करणारे डॉक्टर कमिटीवर जायला तयार झालेत, त्यांची अट फक्त एवढीच की मीटिंग क्लिनिकच्या वेळेत हवी आणि तेवढा वेळ त्यांच्या शेड्यूलमधून मोकळा ठेवायचा. त्या बाईंना भेटायला मी आणि आमची स्पॅनिश बोलणारी नर्स शनिवारी जाणार आहोत, शिफ्ट संपल्यावर.

एकच राहिलं, डेंटलचं काय करतात? आमचं डेंटल सॉफ्टवेअर पूर्ण वेगळं आहे.

रेवदंडा

डेंटल शेवटी घ्या, मेडिकल स्थिर झाल्यावर. आणि करारात डेंटलचं कन्व्हर्जन वेगळ्या ओळीत लिहून घ्या, नाहीतर चार्ट येतो आणि एक्सरे जुन्या सर्व्हरवरच राहतात. तो जुना सर्व्हर निदान वाचण्यापुरता किती वर्षं चालू ठेवायचा हे तुमच्या राज्याच्या रेकॉर्ड ठेवायच्या नियमाप्रमाणे ठरवा. लहान मुलांसाठी तो काळ जास्त असतो, ते विसरू नका.